ठेवायचं झाकून, पाहायचं वाकून

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून उघडतात. २०२५ साली तिकडे १६ जूनला घंटा वाजली, इकडे २३ जूनला. कारण ऊन, आणि ते रास्तच आहे. पण या वाढीव आठवड्यात मामाच्या गावी एका कुलरपुढे, एकाच सतरंजीवर सात-आठ पोट्टे डोक्याला डोकं लावून निजतात. त्या आठवड्याचा खरा फायदा कोणाला होतो, हे कुठल्याच परिपत्रकात येत नाही. नवीन वह्या, नवीन दप्तर, नवीन गणवेश आणि मामाच्या गावच्या उवा असं सगळं सोबत घेऊन अकोल्या-अमरावतीच्या शाळा भरतात.

जुलैत मग औषधांच्या दुकानांत एक ठरलेलं नाटक रंगतं. अकोल्याच्या जठारपेठेत रंगतं तसंच अमरावतीच्या राजापेठेतही. बाई आत येतात. आधीचं गिऱ्हाईक जाईस्तोवर उगाच खोकल्याच्या गोळ्या पाहत उभ्या राहतात. मग काउंटरवर वाकून हळूच:

"भाऊ, ते डोक्याचं द्या बरं."

"डोकं दुखते काय?"

"नाही जी. ते... पोट्टीच्या डोक्याचं."

भाऊला कळतं. तो बाटली वर्तमानपत्रात गुंडाळतो, वरून काळी पिशवी चढवतो. पैसे देता देता बाई खुलासा करतात, "आमच्या घरी नाही बरं, शेजारच्यांसाठी पायजे होतं." शेजारीणबाई तासाभरापूर्वी हेच सांगून हीच बाटली घेऊन गेलेल्या असतात.

दोन्ही घरांनी त्याच रात्री आपापल्या पोरीचं डोकं धुतलं तर तेवढ्यापुरतं बरं होतं. पण तसं होत नाही. एक आज धुणार, दुसरी पुढच्या रविवारी, आणि तिसरीच्या घरी "आमच्याकडे असलं काही नसतं" म्हणून कोणी डोकं पाहतच नाही. दुपारच्या सुटीत तिघी एका डब्यावर वाकतात. महिन्याभरात पहिलीची आई पुन्हा दुकानात, पुन्हा काळी पिशवी. मग म्हणायचं, "औषधात आता दमच राह्यला नाही."

औषधाच्या दमाचं नंतर बोलू. आधी आपल्या अकलेचं.

उवेला उडता येत नाही. तिला उडीही मारता येत नाही. सहा पाय आहेत, त्यांवर ती चालते, तीही केसाला केस लागला तरच. डोक्यावरून खाली पडली तर रक्तावाचून दिवस-दोन दिवसांत मरते. त्यामुळे घरभराच्या गाद्या गच्चीवर नेऊन उन्हात टाकणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. दोन दिवसांत वापरलेला टॉवेल, उशीचे अभ्रे, ओढणी गरम पाण्यात टाकली की भागतं. गादीला शिक्षा नको. डोकं पाहा.

त्याहून मोठा घोळ खाजेचा. पहिल्यांदाच उवा पडलेल्या पोरीला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, कारण खाज ही उवेच्या लाळेची ॲलर्जी असते आणि ती हळूहळू बनते. म्हणजे पोरगी आज खाजवते आहे याचा अर्थ मंडळी महिन्याभरापासून मुक्कामाला आहेत. आणि आपण विचारतो, "काल कोणापाशी बसली होती तू?" काल जिच्यापाशी बसली होती, तिला बहुधा आपल्याच लेकीनं प्रसाद दिलेला असतो. तरी बाक बदलायची चिठ्ठी शाळेत जाते ती तिच्याच नावानं. त्यातही ती पोरगी वस्तीवरून येणारी असली, तेल लावून वेणी घालणारी असली, तर चौकशीची गरजच उरत नाही.

इथं गाडगेबाबांची आठवण येते. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या या माणसानं खराटा हातात घेऊन गावंच्या गावं झाडली. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. घाणीतून रोग येतो हे त्यांनी आपल्या डोक्यात पक्कं बसवलं ते बरंच केलं. मात्र त्या डोक्यात उवा दिसल्या की आपण तोच नियम लावून मोकळे होतो: घाण असेल, म्हणून पडल्या. उवेला हा नियम माहीत नाही. तिला ऊबदार टाळू हवी आणि दिवसातून चार-पाच वेळा रक्ताचा घोट हवा. डोकं कालच महागड्या शाम्पूनं धुतलेलं असलं तरी चालतं, खोबरेलानं थबथबलेलं असलं तरी चालतं. कॉन्व्हेंट आणि जिल्हा परिषद असा भेद ती करत नाही. तो आपण करतो.

शिवाय डोक्यातली ऊ आजार पसरवत नाही. कपड्यांच्या शिवणीत राहणारी तिची चुलत बहीण टायफस पसरवते. चार्ल्स निकोल यांनी १९०९ साली ट्युनिसमध्ये ते दाखवून दिलं आणि १९२८ चं नोबेल मिळवलं. डोक्यातल्या उवेच्या खात्यावर खाज, अपुरी झोप आणि खाजवून पिकलेल्या जखमा एवढंच जमा आहे. पोरीच्या मनाला होणारी जखम उवा करत नाहीत, ती माणसं करतात.

केसांच्या बाबतीत वऱ्हाडाला सरकार हलवता येत नाही असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस झडझडून हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. लगेच पाण्याचे नमुने गेले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं आली, कॅमेरे आले. केंद्रातले तेव्हाचे आरोग्य राज्यमंत्री याच जिल्ह्याचे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर बोट ठेवलं. सगळं व्हायलाच हवं होतं आणि झालं. फक्त नोंद एवढीच, की केस गळाले तर दिल्ली येते आणि केसांत उवा पडल्या तर शेजारीणही येईनाशी होते.

शाळेतल्या मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो २०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. गाडी येते, डॉक्टर येतात, ३० आजार-व्यंगांची यादी असते. यादीत खरूज आहे, उवेचं नाव नाही. हृदयाचं छिद्र शोधणाऱ्यांनी लिखा शोधत बसावं असं माझंही म्हणणं नाही. पण पूर्वी सोमवारी नखं आणि डोकं पाहणाऱ्या बाई असत. आता त्या बाई मोबाइलवर माहिती भरत असतात. किती ताटं वाढली, किती पोरं हजर, किती खाती आधारला जोडली. उवांचा रकाना नाही, म्हणून उवा नाहीत.

खरं तर अक्षरं आणि उवा यांचा संसार जुना आहे. इस्रायलमधल्या लाखीश इथं एक हस्तिदंती फणी सापडली, सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची. २०२२ साली तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली गेली. वर्णमालेत लिहिलेलं आजवर सापडलेलं सर्वांत जुनं पूर्ण वाक्य ते, आणि त्यात काय आहे तर या फणीनं केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघोत अशी इच्छा. माणूस वर्णमालेत लिहायला शिकला आणि हाती लागलेलं पहिलं गाऱ्हाणं उवांचंच. हस्तिदंत वापरणाराही खाजवत होता. त्यानं ते फणीवर कोरून ठेवलं. आपण काळ्या पिशवीत घालतो.

या लपवालपवीत खरा धोका घरगुती उपायांचा. दुकानात जायची लाज, म्हणून मग घासलेट. चुलीजवळ बसलेल्या पोरीच्या डोक्यात घासलेट! सीताफळाच्या बियांची पूड सातपुड्याच्या पायथ्याला फुकट मिळते, ऊ मारतेही. पण घामासोबत डोळ्यात उतरली तर बुबुळ सोलून काढते. आणि कपाशीच्या मुलखात सगळ्यात सोपी बाटली म्हणजे फवारणीची. "थोडंसंच लावलं." २०१७ साली शेजारच्या यवतमाळात फवारणी करता करता धडधाकट माणसं दगावली. तेच विष लेकराच्या टाळूवर, वर टॉवेल बांधून? ते टाळूतून आत जातं. डोक्यातली ऊ सहसा कोणाच्या पोरीचा जीव घेत नाही.

आता औषधाच्या दमाचं. दुकानात मिळणारं एक टक्का पर्मेथ्रिन चालत्या उवा मारतं, लिखा सगळ्या मरत नाहीत. लीख फुटायला सात ते दहा दिवस लागतात आणि मोठी झालेली मादी दिवसाला सहा-आठ लिखा घालते. म्हणून बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे दहा मिनिटं ठेवून धुतलं तरी नवव्या दिवसाच्या सुमारास दुसऱ्यांदा लावावंच लागतं. आपल्याकडे दुसऱ्या वेळेची अर्धी बाटली "पुढच्या खेपेला कामी येईल" म्हणून फडताळात जाते. आणि पुढची खेप येते. न येऊन करते काय? काही ठिकाणच्या उवा या औषधाला सरावल्या आहेत हेही खरं. लावल्याच्या दुसऱ्या दिवशी उवा तशाच पळताना दिसल्या तर तेच पुन्हा ओतू नका, डॉक्टरांना विचारा. उवेला गुदमरवणारं डायमेथिकोन असतं, आणखीही औषधं आहेत.

आणि फणी आहेच. बारीक दातांची, धातूची. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर किंवा तेल, खांद्यावर पांढरा कपडा, खिडकीचा उजेड. केसांचे भाग पाडायचे, फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढायची, दर ओढीला कपड्यावर पुसायची. आधी कानामागे आणि मानेवर, कारण मुक्काम तिथंच. कपड्यावर तिळाएवढं काही वळवळलं तर उवा आहेत. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी हे केलं तर फुटलेली पिल्लं अंडी घालायच्या आत हाती लागतात. लांब दाट केसांना पाऊण तास जातो. मोबाइल त्या वेळी पोरीच्या हाती द्या, माझी हरकत नाही.

टाळूपासून बोटभर लांब चिकटलेली पांढरी लीख बहुधा रिकामं टरफल असतं. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, त्यावरून हिशेब करा. तेवढ्या टरफलावरून पोरीला घरी पाठवणं किंवा तिचे केस कापून टाकणं हा शुद्ध आचरटपणा आहे. जिवंत उवा असल्या तरीही वर्गातून काढू नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना कितीतरी वर्षं सांगते आहे. महिनाभर वर्गात बसलेली पोरगी आज दुपारी काढून काय मिळवायचं?

तर पालकहो, वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे ना? त्यावर सकाळी सूर्यफुलं आणि रात्री कुठल्या तरी काकांची हरवलेली पाकिटं फिरतात. एक दिवस कामाचा करा. रविवार ठरवा. त्या एकाच रविवारी वर्गातल्या चाळीसही घरांत डोकी पाहायची, मुलांचीही, आणि आया-आज्यांचीही. ज्यांच्याकडे सापडल्या त्यांनी त्याच दिवशी औषध किंवा फणी, आणि नवव्या दिवशी पुन्हा. बाईंनी शाळेच्या फळ्यावर दोन्ही तारखा लिहाव्यात, नावं एकाचीही नाही. आणि ग्रुपवर "आमच्या पोरीच्या डोक्यात सापडल्या, तुम्हीपण पाहून घ्या जी" हे पहिलं कोणी लिहायचं, याची वाट पाहू नका. तुम्हीच लिहा.