कबुलीजबाब साहेबांस अनावृत पत्र

सन्माननीय कबुलीजबाब साहेब,
मु. पो. मोक्का, कलम १८

सा. न. वि. वि.

१८७२च्या पुरावा कायद्याने पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टाची पायरी चढू दिली नाही. इंग्रजांचासुद्धा आपल्या फौजदारांवर तेवढा भरवसा नव्हता! १९९९ साली संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का कायदा आला आणि अधीक्षक-उपायुक्त दर्जाच्या साहेबांपुढची कबुली ग्राह्य ठरली. समोरच्याचा हुद्दा वाढला की आरोपी खरं बोलतो, हा शोध आपलाच.

११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले. १८०हून अधिक माणसं गेली. २०१५ साली विशेष मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, त्यांतल्या पाचांना फाशी. मग २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं आणि आपली पार अब्रू काढली. निरनिराळ्या आरोपींच्या तोंडचे मजकूर काही ठिकाणी सारखेच निघाले. छळाच्या तक्रारीतही न्यायालयाला तथ्य दिसलं. एवढं भरभरून बोललात, पण बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते, हे सरकार पक्षाला शेवटपर्यंत रेकॉर्डवर आणता आलं नाही.

आपले स्नेही, प्रत्यक्षदर्शी, यांचंही कौतुक करायला हवं. चर्चगेटला भाडं सोडणारा टॅक्सीवाला दिवसभरात किती चेहरे पाहतो? पाहतो म्हणजे काय, आरशात ओझरते दिसतात. शंभराहून जास्त दिवस तो गप्प राहतो, मग त्याला आरोपीचा चेहरा लख्ख आठवतो. चार वर्षांनी कोर्टातही आठवतो. आठवण म्हणजे मुदतठेवच की, जितकी पडून राहील तितकी वाढते! ज्याने ओळखपरेड घेतली, त्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता, हेही न्यायालयालाच सांगावं लागलं.

सुटलेल्यांतला एक जण २०२१ सालीच नागपूरच्या तुरुंगात करोनाने गेला. निकालाची प्रत त्याला कोणत्या पत्त्यावर धाडायची, ते कृपया कळवावे. आणि मेलेल्यांच्या घरच्यांना बॉम्ब कुणी ठेवले म्हणून सांगायचं, तेही.

निराश होऊ नका. सर्वोच्च न्यायालयात अपील दाखल आहे आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, असा आदेश तीनच दिवसांत मिळाला आहे.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
एक पासधारक

ता. क. : आपले धाकटे बंधू, पुरावा कायद्याचे कलम २७, यांना नमस्कार सांगा. पोलिसांपुढच्या कबुलीतून ‘वस्तू सापडली’ एवढा भाग आत घेणारे तेच ना? १ जुलै २०२४पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३मध्ये राहायला गेलेत म्हणे. पत्ता बदलला, वतन शाबूत.