कितवीचं गाईड?

लातुरात पुस्तकाच्या दुकानात ‘गाईड द्या’ म्हटलं की दुकानदार मान वर न करता विचारतो, “कितवीचं?” आमच्या सरांनी सांगितलं, “युरोपचं.” त्यानं आतल्या पोऱ्याला हाक मारली, “बघ रे, भूगोलात आहे का!”

सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. असा एक प्रत्येक कॉलनीत असतोच. पेन्शन बरी, मुलगा पुण्याला आयटीत, आणि दहा दिवसांची युरोप सहल बुक झालेली. पुढं झेंडा घेऊन चालणारा टूरवाला, बुडाखाली बस, ताटात वरण-भात. पुस्तक हवंय कशाला? पण ज्या गावानं अख्ख्या महाराष्ट्राला ‘लातूर पॅटर्न’ दाखवला, तिथला मास्तर पोर्शन पुरा केल्याशिवाय पॅरिसला बसेल कसा?

कुणीतरी मीना प्रभूंचं प्रवासवर्णन आणून दिलं. सरांनी दोन दिवसांत संपवलं आणि परत केलं. “वाचायला झकास ओ. पण पॉइंट पाडलेले नाहीत.”

शेवटी नांदेडचे साडू धावून आले. विभागीय आयुक्तालय कुणाच्या गावाला, लातूरला की नांदेडला, यावरून या दोघांचं आधीच फाटलेलं. त्यामुळे पुस्तक आलं ते उपकारासारखं. हैदराबादेत आबिड्सच्या रविवारच्या फुटपाथवर घासाघीस करून घेतलेलं, फ्रान्सचं, जाडजूड. सगळे भाव फ्रँकमध्ये! युरोच्या नोटा २००२ साली आल्या, म्हणजे त्याच्या आधीचं.

“शिळं आहे सर,” मी म्हणालो.

“आयफेल टॉवर १८८९चा आहे. त्याची काय बदली होऊ लालीय?”

मग लाल पेन निघालं. दोनदा उल्लेख आलेल्या जागेपुढं ‘अतिमहत्त्वाचे’. पॅरिसच्या विजयकमानीपाशी बारा रस्ते मिळतात, तिथं समासात नोंद: ‘आपल्या गंजगोलाईला सोळा.’ संध्याकाळी काकूंची तोंडी परीक्षा, त्या मेथी निवडत असताना.

“लूव्र संग्रहालय कोणत्या वारी बंद?”

“मला काय ठावं? तुम्हीच सांगा.”

“मंगळवारी! हातचा एक गुण घालवलास.”

काकूंनी आपलं मत एकदाच दिलं, तेही पुस्तक स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून. “पाऊण किलो. एवढ्यात डबाभर धपाटे बसतात.” तडजोड म्हणून पॅरिसच्या तेवढ्या पानांची झेरॉक्स काढून स्पायरल मारून झालं.

पुढचं सहलीतल्या शेजाऱ्यांनी सांगितलं. बस लूव्रपुढं थांबली. काचेचा पिरॅमिड, सगळ्यांचे फोटो, आणि दार बंद. टूरवाला कार्यक्रमाचा कागद उलटसुलट करत होता. सर घाईघाईनं स्पायरल चाळत होते, पण चष्मा बसमध्येच राहिलेला. काकूंनी कठड्यावर बसून धपाट्यांचा डबा उघडला आणि अख्ख्या ग्रुपला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आज मंगळवार. टाका एक गुण.”