नवरीच्या गालावरचे सूर्य

(खानापूर तालुक्यातील गुंजी गावात, एका उंच आंब्याखाली, लग्नाचा छायाचित्रकार नवरीच्या गालावरील कवडसे टाळण्यासाठी तिला सारखा सरकावीत असून, निवृत्त विज्ञानशिक्षक खुर्चीतून न उठता त्याला अडवीत आहेत.)

शिक्षक : फट लहान आणि फांदी उंच असली, की फट कितीही वेडीवाकडी असो, कवडसा गोलच पडतो, कारण तो सूर्याची प्रतिमा असतो, २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात हेच कवडसे कोरीसारखे झाले होते.

छायाचित्रकार : म्हणजे सर, गालावर सूर्याचे डझनभर फोटो, तेही भिंगाविना! बिल कोणाच्या नावावर फाडायचे?

शिक्षक : भिंग प्रकाश वळवून एकत्र आणते, छिद्र मात्र प्रत्येक दिशेच्या किरणाला वेगळ्या जागी सोडते, प्रतिमा मिळते, पण अंधूक.

छायाचित्रकार : मग छिद्रे वाढवावीत.

(असा प्रश्न आला, की शिक्षकांचे जेवण थंड होते, हे माजी विद्यार्थी जाणतात.)

शिक्षक : वाढविली, की प्रतिमा एकमेकींवर चढतात, आणि तो गुंता गणिताने सोडवावा लागतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने घडलेली, २८ सप्टेंबर २०१५ रोजी ॲस्ट्रोसॅट उपग्रहासोबत अवकाशात गेलेली सीझेडटीआय ही दुर्बीण अशीच आहे : तीव्र क्ष-किरण काचेने वळत नसल्यामुळे तिच्यात अर्ध्या मिलिमीटरच्या टँटलम पत्र्याला ठरावीक नक्षीने भोके पाडलेली असून, प्रत्येक तारा त्या नक्षीची सावली संवेदकावर, म्हणजे किरण टिपणाऱ्या पाटीवर, आपल्या दिशेनुसार सरकवून टाकतो, आणि ती किती सरकली यावरून संगणक ताऱ्याची जागा काढतो.

छायाचित्रकार : पाटीवर प्रत्यक्ष काय उमटते?

शिक्षक : नुसते चट्टे.

छायाचित्रकार : तसला अल्बम दिल्यास, गणित सुटेपर्यंत गिऱ्हाईक ॲडव्हान्ससुद्धा परत मागेल.

शिक्षक : साध्या प्रकाशासाठीही ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात संवेदकाजवळ जाळी बसवून फ्लॅटकॅम नावाचा पातळ कॅमेरा केला गेला, पण गणित चित्रासोबत संवेदकाची खरखरही वाढवीत असल्याने भिंगाची सफाई त्यात येत नाही. शिवाय जाळी आधी मोजलेल्या जागेवरून जराशी हलली, तरी सोडवणूक चुकते.

छायाचित्रकार : म्हणजे ‘बघू जरा’ म्हणत कॅमेरा हिसकावणाऱ्या नवऱ्याच्या मामापासून गणिताचीही सुटका नाही!