फाट्यावर या

दिंडोऱ्या दोन आहेत. एक आपली, नाशिकपासून पंचवीसेक किलोमीटरवरची, द्राक्षांची. दुसरी मध्य प्रदेशात, नर्मदेच्या काठी. १९९८ पासून ती जिल्ह्याचं ठिकाण आहे. नाशिकच्या माणसाला हा खुलासा कधी करावा लागला नाही. फोनला करावा लागतो. पंचवटीत उभं राहून मी फोनातल्या नकाशाला ‘दिंडोरी’ म्हटलं, तर त्यानं मला नर्मदातीरी न्यायची सगळी सिद्धता करून ठेवली. वाटेत टोल लागतील, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. ज्या आतेभावाकडे निघालो होतो त्याला फोन केला. तो म्हणाला, “ते काहीच नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजाऱ्यानं टोमॅटोची फवारणी दोन दिवस थांबवली, फोननं पाऊस सांगितला म्हणून. पाऊस पडला बरोबर. पण तिकडच्या दिंडोरीत.”

तसं नाशिककरांना ताज्या माहितीचं वेड आजचं नाही. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं शहर एकच विचारतं, “मारुतीला कुठवर आलं?” गुडघ्याला असेल तर चहा प्यायला हरकत नाही. कमरेला आलं की भांडी बाजारातल्या दुकानदारानं खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर घ्यायचा. गळ्याशी आलं की कुलूप लावायचं आणि पुलावर पाणी बघायला जायचं. २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१६ च्या ऑगस्टात गावात पाणी शिरलं तेव्हाही लोकांनी आधी विचारलं ते मारुतीलाच. आता विसर्ग किती क्युसेक, याचे आकडे फोनवर येतात. लोक ते वाचतात, चार जणांना पाठवतात आणि खाली लिहितात, “म्हणजे मारुतीला कुठवर?”

मी गेलो तेव्हा नोव्हेंबर होता, त्यामुळे मारुतीरायाचे पाय कोरडे होते. नदीवरून दिंडोरी नाक्यावर आलो. शेजारच्या थांब्यावर कॉलेजची पोरं सिटीलिंकची वाट बघत उभी होती. नाशिकच्या या बस जुलै २०२१ पासून धावतात आणि कुठली कुठवर आली ते फोनवर दिसतं. पोरं माना खाली घालून बस बघत होती. एक आजीबाई दोन पावलं रस्त्यात गेल्या, कपाळाला हात लावून लांबवर पाहिलं आणि म्हणाल्या, “आली.” सगळ्यांनी फोन खिशात घातले.

मला काळी-पिवळी हवी होती. ही जीप ठरलेल्या वेळेला सुटत नाही, भरली की सुटते. मागणी पाहून गाड्या सोडणारी ॲप्स जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून दिंडोरी नाक्यावर हा व्यवहार बिनबोभाट चालू आहे. फक्त इथं संगणकाच्या जागी दारात लटकलेला एक पोरगा असतो. “चला दिंडोरी, दिंडोरी, दिंडोरी! एकच सीट!” ती एक सीट त्यानं माझ्या देखत कितीतरी जणांना दिली आणि सगळ्यांना बसवलंही. हे कुठल्या ॲपला जमत असेल तर मला दाखवा.

भाडं देताना ड्रायव्हरनं डोक्यावरची झडप खाली ओढली. आत क्यूआर कोड चिकटवलेला. स्कॅन केला तर नाव एका बाईंचं.

“मिसेसच्या खात्यावर जातात,” तो म्हणाला. “घरी जाऊन हिशोब द्यायची कटकट नाही, सर. ती आधीच सुरू होते.”

आणि खरंच, म्हसरूळ यायच्या आत त्याचा फोन वाजला. “हो गं, आठच सीटा. नाही, आठच! अगं, दोघांनी रोख दिले!” २०१६ साली नोटाबंदी झाली आणि मागोमाग यूपीआय घरोघर पोचलं, तेव्हा काळ्या पैशाला आळा बसणार असं आपण सगळ्यांनी ऐकलं होतं. काळ्या-पिवळीतल्या पैशाला तो बसलेला मी डोळ्यांनी पाहिला.

म्हसरूळ मागं पडलं की डाव्या हाताला रामशेज दिसतो. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं त्याला वेढा घातला आणि गड काही वर्षं हटला नाही. तोफा नव्हत्या तर लाकडाच्या करून वर कातडं मढवलं, म्हणतात. मोगल इतिहासकार खाफीखानानं एक गोष्ट लिहून ठेवली आहे. वेढ्याला कंटाळलेल्या मोगली सरदाराकडे एका मांत्रिकानं शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करून मागितला. तो हातात धरून मी पुढे चालतो, तुम्ही मागून या, गड आपोआप हाती येईल, अशी हमी दिली. फौज नागामागे निघाली. गडावरून गोफणीचा धोंडा आला. मांत्रिक एकीकडे, नाग एकीकडे.

ही गोष्ट मला आठवायचं कारण पुढच्या सीटवर बसलं होतं. हे गृहस्थ फोन दोन्ही हातांत नीट समोर धरून ड्रायव्हरला सांगत होते, “पुढून उजवीकडे घ्या, दोन मिनिटं वाचतात.” ड्रायव्हरचा जन्म या रस्त्यावर गेलेला. त्यानं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. जवळ गोफण नव्हती, म्हणून निभावलं.

ढकांबे, आक्राळे फाटा करत दिंडोरीत उतरलो आणि चौकातल्या टपरीवर चहा घेतला. टपरीवरचा डबा प्रत्येक चहाला गावभर ऐकू जाईल असा ओरडतो, “दहा रुपये प्राप्त झाले.” पूर्वी उधारीची वही गल्ल्याखाली असायची आणि टपरीवाला ती कुणाला दाखवायचा नाही. आता एक कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आला, इकडेतिकडे पाहिलं, हळूच फोन पुढे केला आणि डबा गरजला, “चार हजार दोनशे साठ रुपये प्राप्त झाले!” चौकातले सगळे वळले. टपरीवाल्यानं कुणीही न विचारता खुलासा केला, “निवडणुकीपासूनचे.”

आतेभावाचा मळा गावापासून आत आहे. “लोकेशन पाठवतो, सरळ ये,” तो म्हणाला. लोकेशन आलं. त्याप्रमाणे आतेभाऊ सहकुटुंब कालव्याच्या मधोमध राहत होता. पुन्हा फोन केला. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग हताश आवाज, “असं कर, फाट्यावर ये.”

दिंडोरी तालुक्यात मळ्यात राहणाऱ्या माणसाचा चालता पत्ता हा एवढाच. कुरिअरवाला फाट्यावर थांबतो. विम्याचा माणूस फाट्यावर, मुलगी बघायला आलेले पाहुणे फाट्यावर, गॅसची गाडी फाट्यावर. आणि गंमत अशी की याच मळ्यातल्या द्राक्षाच्या घडाचा पत्ता मात्र युरोपात पाठ आहे. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी होते, तिला क्रमांक मिळतो आणि अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर ती बाग दिसते. २००६ पासून ही व्यवस्था आहे. रॉटरडॅमच्या बंदरात पेटी उघडणाऱ्या साहेबाला हा माल दिंडोरी तालुक्यातल्या कोणत्या प्लॉटवरचा, ते शोधून काढता येतं. २०१० साली क्लोरमेक्वाट नावाच्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली आणि इथल्या शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं. तेव्हापासून तर फवारणीची नोंद म्हणजे कुंडलीच. त्या साहेबाला घड कुठला ते कळतं. त्याच घडाच्या मालकानं मागवलेली मोबाइलची काच घेऊन आलेला पोरगा फाट्यावर उभा राहून ओरडतो, “काका, दिसत नाही हो घर!”

मळ्यावर पोचलो तर ओट्यावर आत्या बसलेली. वय ऐंशीच्या पुढे, मांडीवर फोन. मी वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, “टपरीवर कशाला चहा घ्यायचा? घरचा गोड नाही लागत?”

“तुला कुणी सांगितलं?”

“टपरीवाला माझ्या माहेरचा आहे.”

फोननं मला कालव्यात बुडवलं होतं. आत्याच्या माहेरानं कपासकट गाठलं.

म्हातारी माणसं आभाळाकडे बघून पाऊस सांगतात आणि तरुण पोरं फोनकडे बघून, असं मासिकांतून वाचायला मिळतं. या घरात ते उलटं आहे. आत्याला लासलगावचा कांदा आणि पिंपळगावचा टोमॅटो आज काय भावानं निघाला ते लिलाव आटोपायच्या आत कळतं. करंजवण धरण किती टक्के आहे ते तिला पाठ. गोठ्यावरचा कॅमेरा तिच्या फोनवर दिसतो, गडी किती वाजता आला हे ती गड्याला सांगते. आणि शेतकी पदवी घेतलेला तिचा मुलगा बागेत उकिडवा बसून मातीची मूठ वळत असतो.

बागेत त्यानं एक खांब उभारला आहे. वर सौरपट्टी, वाऱ्याची भिंगरी, पावसाचं भांडं, जमिनीत ओल मोजायच्या सळ्या. मध्ये एक प्लॅस्टिकचं खोटं पान. दव पडलं की ते ओलं होतं आणि ओल किती तास टिकली ते फोनवर जातं. पान जास्त वेळ ओलं राहिलं की डावणी रोगाचा धोका. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या ढगाळ दिवसांत एका रात्रीत बाग हातची जाते, तेव्हा या खबरीची किंमत मी चेष्टेवारी नेणार नाही. वेळेवर एक फवारणी मारली आणि विनाकारणच्या दोन टाळल्या तर खांबाचे पैसे सुटतात, असं तो म्हणतो. तरी दृश्य मोठं अजब होतं. बागेत लाखो खरी पानं, आणि सगळ्या घराचा विश्वास त्या एका खोट्या पानावर.

“मग मूठ कसली वळतोस?” मी विचारलं.

“वापसा आलाय का बघतो. आकडा बरोबर आहे का ते कळायला.”

“आणि मातीचा अंदाज बरोबर आहे का ते?”

“ते आकड्यावरून.”

माझी समजूत होती की माहिती वाढली की विचारपूस कमी होत असेल. दिंडोरीत ती दुप्पट झाली आहे. फोननं ‘धोका जास्त’ म्हटलं की आतेभाऊ शेजाऱ्याला विचारतो, तुझा काय म्हणतो? शेजाऱ्याचा खांब ‘मध्यम’ म्हणतो. मग दोघं मिळून सल्लागाराला फोन लावतात. सल्लागार म्हणतो, पानाचा फोटो टाका. फोटो ग्रुपवर पडतो आणि पन्नास जण आपापल्या बागेचा फोटो टाकतात. मग सगळे मिळून आभाळाचा फोटो टाकतात. शेवटी अंधारात विजेरी घेऊन प्रत्येक जण आपल्या बागेत जातो आणि पानाला हात लावून बघतो.

खरी करमणूक मोटरीची. विहिरीवरच्या मोटरीला मोबाइल स्टार्टर आहे, त्यात सिमकार्ड आहे, म्हणजे मोटरीला स्वतःचा नंबर आहे. लाइट आली की मोटर मालकाला फोन करते, “थ्री फेज सप्लाय सुरू आहे.” शेतीची लाइट पुष्कळदा रात्रीच येते, त्यामुळे मोटर रात्रीच बोलते. नव्या स्टार्टरला ठरावीक नंबरचाच फोन चालतो. जुन्याला ती अक्कल नव्हती, कुणाचाही फोन आला की तो मोटर चालू करायचा. आतेभाऊ शपथेवर सांगतो की एकदा मोटरीला वैयक्तिक कर्ज देऊ करणारा फोन आला आणि अर्धा एकर कांदा भिजला. मी म्हटलं, “मग कर्ज घेतलं का?” तो म्हणाला, “तिच्या नावावर सातबारा कुठाय!”

आणि हे मोजमापाचं प्रकरण इथं फोननं आणलं असंही नाही. याच तालुक्यातल्या वाघाड धरणाचं पाणी खाली ओझरच्या शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकात पाणी वापर संस्था काढून मोजून घ्यायला सुरुवात केली, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या खटपटीनं. किती घनमीटर घेतलं, तेवढी पट्टी. पुढे सगळा प्रकल्पच शेतकऱ्यांच्या संस्थांनी चालवायला घेतला. भांडणं झाली नसतील असं नाही, पण ती आकड्यावर झाली, आणि आकडा सगळ्यांना एकच होता. आताच्या खांबांचं हेच दुखणं आहे. बांधाच्या अलीकडे एक आकडा, पलीकडे दुसरा, आणि दोन्ही दोन वेगळ्या कंपन्यांच्या गोदामात.

रात्री जेवायला बसलो आणि एकदम सगळ्यांचे फोन किणकिणले. ‘बिबट्या दिसला. सावध राहा.’ सोबत फोटो. बिबटे या भागात खरोखरच आहेत, उसात राहतात, त्यामुळे चेष्टा नको. पण हा बिबट्या एकाच वेळी वणी, मोहाडी आणि जानोरी या तिन्ही गावांच्या ग्रुपवर होता आणि त्याच्या मागं नारळाची बाग दिसत होती. मी म्हटलं, “आत्या, फोटो इकडचा नाही. खोटा आहे.”

आत्या गोठ्याच्या कॅमेऱ्यावरून नजर न काढता म्हणाली, “फोटो खोटा असेल. बिबट्या खरा आहे. कडी लाव.”

कडी लावली. मध्यरात्रीनंतर मोटरीचा फोन आला, आतेभाऊ उठला, कडी काढली, आत्यानं कॅमेऱ्यात बघून “जा, कुणी नाही” म्हटलं, आणि तो पाणी द्यायला गेला. शेवटी बागेत माणूसच गेला, हे नोंदवून ठेवतो.

तुम्हालाही जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, द्राक्षं तेव्हा गोड होतात. नकाशात ‘दिंडोरी, नाशिक’ असं पूर्ण लिहा. काळी-पिवळी दिंडोरी नाक्यावरून मिळेल, एक सीट नेहमीच शिल्लक असते. भाडं फोनवरून दिलेलं चालतं. पण ड्रायव्हरची थोडी जरी दया येत असेल, तर रोख द्या.