एकास वीस

शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत 'ए' ग्रेड मिळालेल्या माणसाला पुढं जन्मभर एक खोड लागते. कुणाच्याही घरी गेला की तो सोफ्याची जागा चुकली असं सांगतो. आपल्या हातात कला आहे आणि नोकरीपायी ती राहून गेली, यावर त्याचा गाढ विश्वास असतो. आमच्या घरात हा विश्वास मी एकटाच बाळगून होतो. स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं, तेव्हा इंटिरिअरवाल्यानं नुसत्या ड्रॉइंगचे जे पैसे सांगितले ते ऐकून माझ्यातला कलावंत ताडकन उठून बसला.

"चार रेघा ओढायचे एवढे पैसे? मीच काढतो."

"काढा," बायको म्हणाली. "पण मिस्त्रीला कळेल असं काढा."

ही अट मला तेव्हा अगदी किरकोळ वाटली.

पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर शनिवार-रविवारी हातानं ड्रॉइंग शिकवणारा क्लास होता. आर्किटेक्चरला किंवा इंटिरिअरला गेलेली पोरं तिथं यायची, कारण पुढं सगळं कॉम्प्युटरवरच करायचं असलं तरी पहिल्या वर्षाला अजूनही बोर्ड आणि टी-स्क्वेअर सुटलेला नाही. शिकवणारे सर सत्तरी ओलांडलेले ड्राफ्ट्समन. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आलं, त्याच्या कितीतरी आधीपासून हा माणूस ट्रेसिंग पेपरवर वाकलेला. अमोनिया प्रिंट काढून काढून आपलं नाक कामातून गेलं, हे ते पदक मिळाल्याच्या थाटात सांगत. मी प्रवेश घ्यायला गेलो तेव्हा त्यांना वाटलं मी मुलीसाठी आलोय.

सामानाची यादी घेऊन अप्पा बळवंत चौकात गेलो. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, दोन सेट-स्क्वेअर, फ्रेंच कर्व्ह, तिकोनी स्केल, एच, टू-एच, फोर-एच पेन्सिली, पॉलिश पेपर, मास्किंग टेप, ट्रेसिंग पेपर आणि रोट्रिंगची पेनं. पेनांची किंमत ऐकल्यावर इंटिरिअरवाला फार वाईट माणूस नव्हता, असं पहिल्यांदा वाटून गेलं. टी-स्क्वेअर घेऊन बसमध्ये चढलो. ही वस्तू बसमध्ये नेण्यासाठी बनवलेली नाही. तिचं आडवं डोकं आधी एका बाईंच्या पर्सच्या पट्ट्यात अडकलं, मग वरच्या दांडीत. कंडक्टरनं माझ्याकडं आणि तिच्याकडं आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, "एक का दोन?"

पहिले काही वर्ग फक्त रेघा. आडव्या, उभ्या, पंचेचाळीस अंशांतल्या. मला वाटलं होतं, मी दोन रेघा काढल्या की सर चमकतील. चमकले. "ही रेघ सुरुवातीला गाल फुगवून आहे आणि शेवटी उपाशी आहे," म्हणाले. तेव्हा कळलं, रेघ ओढताना पेन्सिल बोटांमध्ये सावकाश फिरवत न्यायची असते, म्हणजे शिसं चारी बाजूंनी सारखं झिजतं आणि रेघेची जाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच राहते. आडवी रेघ डावीकडून उजवीकडं, उभी खालून वर. टी-स्क्वेअरचं डोकं डाव्या हातानं बोर्डाच्या कडेला दाबून धरायचं. हे सगळं एका वेळी करायचं आणि शिवाय श्वासही घ्यायचा. मला तीन जमत, चौथं राही. बहुतेक वेळा श्वास राही. शेजारी बसणारी अठरा वर्षांची मुलगी कानात गाणी ऐकत हे सगळं सहज करायची. एकदा तिनं एका कानातली तार काढली, "काका, पेन्सिल फिरवा, मान नको," म्हणाली आणि तार परत घातली.

रेघांमागून आलं प्रोजेक्शन. वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी, बाजूनं कशी, हे सगळं एका सपाट कागदावर बसवायचं. ही विद्या शिस्तीत बांधली ती अठराव्या शतकातल्या गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञानं. किल्ले बांधायला ती इतकी उपयोगी पडली, की फ्रेंच सैन्यानं अनेक वर्षं तिचा बाहेर उच्चार होऊ दिला नाही. माझ्या शीट पाहिल्यावर सरांनी ही हकीकत मुद्दाम मलाच सांगितली. त्यांचं म्हणणं, या शीट शत्रूच्या हाती पडल्या तर देशाचं भलंच होईल. त्यात आपल्याकडं फर्स्ट अँगल पद्धत, म्हणजे वरून जे दिसतं ते कागदावर खाली काढायचं आणि डावीकडून जे दिसतं ते उजवीकडं. अमेरिकेत याच्या उलट. मी दोन्ही देशांचा मान राखून एका शीटवर दोन्ही पद्धती वापरल्या.

मग घरचा अभ्यास मिळाला: आपल्याच घरातली एक खोली मोजून एकास पन्नास या प्रमाणात प्लॅन काढा. मला हेच हवं होतं. टेप घेऊन स्वयंपाकघरात शिरलो. खोली ३०५० बाय २४४० मिलिमीटर. सरांनी बजावलं होतं, चार भिंती मोजून थांबू नका, दोन्ही कर्ण मोजा. आयताचे कर्ण सारखे असतात, हे मी मुलांना शिकवलेलं आहे. आमच्या स्वयंपाकघरातल्या कर्णांमध्ये दोन इंचांचा फरक आला. टेप बदलला, टेप धरणारा माणूस बदलला, फरक तेवढाच. ज्या भिंतीला टेकून आम्ही एवढी वर्षं फ्रीज ठेवला ती भिंत गुण्यात नव्हतीच. म्हणजे खोली आयत नव्हती, नुसता चौकोन होता. बायको म्हणाली, "म्हणूनच फरशीचा शेवटचा तुकडा दर वेळी तिरका कापावा लागतो. हे मला केव्हापासून माहीत आहे. तुम्ही कधी फरशी पुसलीत का?"

भिंतीनं केलेला अन्याय मी कागदावर शांतपणे नोंदवला आणि दरवाजा काढायला घेतला. प्लॅन म्हणजे खोली जमिनीपासून कंबर-छातीच्या उंचीवर करवतीनं आडवी कापून, वरचा भाग उचलून खाली पाहायचं. कापल्या गेलेल्या भिंतींची रेघ जाड, खाली दिसणाऱ्या ओट्याची बारीक आणि उघड्या दरवाजाचा पाव वर्तुळाचा कंस. हे सगळं नीट केलं. फक्त तिकोनी स्केल हातात गरगर फिरलं. त्याला तीन बाजू आणि सहा कडा, प्रत्येक कडेवर वेगळं प्रमाण. भिंती एकास पन्नासच्या कडेनं काढल्या आणि ९०० मिलिमीटरचा दरवाजा एकास वीसच्या. कागदावर तो ४५ मिलिमीटर आला, म्हणजे या प्लॅनमध्ये सव्वादोन मीटर रुंद. २४४० च्या भिंतीत २२५० चा दरवाजा. सरांनी चष्मा वर केला. "अहो, हे स्वयंपाकघर आहे की मांडवाची कमान?" सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, "सर, मोकळं वाटावं म्हणून." माणूस एकदा खोटं बोलायला लागला की इंटिरिअरवाल्यांची भाषा त्याला आपोआप येते.

पुढची पायरी शाईची. रोट्रिंगच्या पेनाला निब नसते, बारीक नळी असते आणि नळीत केसाएवढी तार. पेन हलवलं की आत टकटक वाजतं, ती तार मोकळी आहे याची खूण. वाजलं नाही तर नळी तुंबलेली, मग कोमट पाण्यात बुडवून बसा. शाई सेट-स्क्वेअरच्या कडेखाली झिरपते, म्हणून त्याच्या पोटाला टेपचे दोन-तीन थर किंवा नाणी चिकटवायची; कड कागदापासून उचललेली राहते. ट्रेसिंग पेपरवर हाताचा घाम लागला की तिथं शाई धरत नाही, म्हणून आधी टाल्कम पावडर चोळून झटकायची. सासूबाईंची पावडर मी त्यासाठी वापरली आणि डबा रिकामा सापडल्यावर संशय कामवाल्या बाईंवर जाऊ दिला नाही, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. चुकलेली रेघ अर्ध्या ब्लेडनं अलगद खरवडायची आणि ती जागा नखानं घासून गुळगुळीत करायची. सरांनी खरवडलेली जागा उजेडात धरूनही सापडायची नाही. माझ्या शीटमधून पलीकडचा माणूस दिसायचा.

याच सुमारास मी घरच्या कपाटाची शीट काढली. धान्याच्या डब्यांसाठी पॅसेजमधलं कपाट: २१०० उंच, ९०० रुंद, ६०० खोल. ए-टू आकाराचा ट्रेसिंग, एकास वीस. समोरून, बाजूनं आणि कापून. लेटरिंगसाठी दोन-दोन बारीक आधाररेघा आखून त्यांच्यामध्ये सारख्या उंचीची अक्षरं बसवली. इंटरमिजिएटची 'ए' ग्रेड कुठंतरी जिवंत होती. मापं तेवढी लिहिली नाहीत. मापाच्या रेघा आणि बाण आले की चित्र बरबटतं, असं माझं मत पडलं. आणि प्रमाण लिहिलेलं असताना मापं कशाला? शेवटची रेघ मारायला पेन हलवलं. टकटक वाजलं नाही, म्हणून जोरात हलवलं. शीटच्या तळाशी चांगला आठ आण्याएवढा ठिपका पडला. खरवडायला गेलो, कागद पारदर्शक व्हायला लागला, तेव्हा धीर सुटला. ठिपक्याभोवती वर्तुळ काढून आत काड्या भरल्या आणि झाड केलं. शेजारच्या मुलीनं दोन्ही कानांतल्या तारा काढल्या.

"काका, कपाटाच्या खाली झाड? आणि तेही वरून?"

पर्स्पेक्टिव्हबद्दल मी फार बोलणार नाही. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीनं एका चित्राला भोक पाडून, त्यातून आरशात बघून दूर जाणाऱ्या रेघा एका बिंदूत मिळतात हे दाखवलं, तेव्हापासून हा त्रास सुरू आहे. टू-पॉइंटमध्ये ते दोन बिंदू हमखास कागदाबाहेर जातात, बहुधा बोर्डाबाहेरही. तिथं खिळा ठोकून दोरा बांधायचा आणि दोरा ताणून रेघेची दिशा घ्यायची. माझा उजवा व्हॅनिशिंग पॉइंट कालनिर्णयाच्या खिळ्यावर आला, डावा दाराच्या कडीवर. दोन्ही दोरे खुर्चीला बांधून चहा घ्यायला उठलो. परत येतो तो सासूबाईंनी दोन्हींवर रुमाल वाळत घातले होते. त्यात एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे: लांबचे रुमाल खरोखरच लहान दिसत होते.

अखेर मिस्त्री आले. पर्स्पेक्टिव्ह त्यांच्यासमोर उलगडलं. "छान आहे चित्र," म्हणाले, "बैठकीत लावा. मला कामाचं द्या." प्लॅनवर सरांनी मापं लिहून घेतली होती, त्यामुळं ओटा, सिंक, दरवाजा सगळं व्यवस्थित झालं. कपाटाची शीट मी कौतुकानं क्लासला दाखवण्यासाठी ठेवून घेतली आणि मिस्त्रींना झेरॉक्स आणून दिली. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मशीनमधून ए-थ्रीपर्यंतचाच कागद निघायचा. "बसवून देतो ना काका," पोरगा म्हणाला आणि त्यानं ७१ टक्क्यांचं बटण दाबलं. ए-मालिकेतल्या प्रत्येक कागदाच्या बाजूंचं प्रमाण एकास वर्गमूळ दोन असतं, म्हणून कुठलाही कागद पुढच्या लहान आकारात जसाच्या तसा बसतो, कडेला चिंधी उरत नाही. ही जर्मन कल्पना मला फारच आवडली होती. क्लासमध्ये मी त्यावर एकदा टाळीही दिली होती.

मापं नव्हती. मिस्त्रींनी स्टीलची फूटपट्टी झेरॉक्सवर लावली, खालच्या सुबक अक्षरांत 'स्केल १:२०' वाचलं, विसानं गुणलं आणि कामाला लागले. काम त्यांनी सुरेख केलं. चार दिवसांनी पॅसेजमध्ये कपाट उभं राहिलं: उंची १४८५ मिलिमीटर, म्हणजे चार फूट साडेदहा इंच. रुंदी २५ इंच, खोली पावणेसतरा. दाराला हॅण्डल, आत फळ्या, सगळं माझ्या ड्रॉइंगबरहुकूम, एका सुताचाही फरक नाही. प्रमाणबद्धतेत खोट काढायला जागाच नव्हती. फक्त धान्याचा मोठा डबा आत जात नव्हता.

"साहेब, मला वाटलं आजींचा हात पोचावा म्हणून बुटकं केलंय," मिस्त्री म्हणाले.

सासूबाईंनी दार उघडून वरची फळी पाहिली, दार मिटलं आणि त्याच दिवशी आपली औषधं, पोथ्या आणि पावडरचा नवा डबा आत नेऊन ठेवला. किल्लीही त्यांच्याचकडं आहे.

मूळ शीट आणि झेरॉक्स घेऊन सरांकडं गेलो. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवल्या आणि शीटच्या तळाशी बोट ठेवलं.

"इथं काढायला सांगितलेली मोजपट्टी कुठं आहे?"

"त्या जागी झाड आहे, सर."

तेव्हा घरचं काम काढलेल्या सर्व वाचकांना एक विनंती. माप आकड्यांत लिहा, चित्र बरबटलं तरी चालेल. आणि शीटच्या तळाशी नुसतं 'एकास वीस' लिहून थांबू नका. तिथं शून्य, अर्धा मीटर, एक मीटर अशा खुणांची छोटी पट्टी काढा. कागद झेरॉक्समध्ये लहान झाला तर तीही तेवढीच लहान होते आणि मिस्त्रीला खरं माप सांगते. 'एकास वीस' ही अक्षरं लहान होतात, पण एकास वीसच राहतात.