नानांचा पेरू

प्रत्येक सोसायटीत एक तरी माणूस असा असतो, की ज्याच्यासमोर शब्द जपून वापरावे लागतात. शिव्या नव्हेत, साधे शब्द. आमच्याकडे हे पद नाना भूषवतात. शब्द कुठून आला हे शोधण्याची व्याधी बहुधा निवृत्तीनंतर जडते आणि तिचे दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारच्या रुग्णाला जगातला यच्चयावत शब्द संस्कृतातून गेलेला दिसतो. दुसऱ्याला आपल्या फडताळातलं सगळंच पोर्तुगिजांनी आणलेलं दिसतं. नाना दुसऱ्यातले. पहिल्यांना निदान हसता तरी येतं. नानांचं बऱ्याचदा बरोबर निघतं, ही खरी अडचण.

पुतण्याच्या लग्नाच्या बोलणीत मुलीच्या वडिलांनी पगार विचारला. मुलगा तोंड उघडणार तोच नाना म्हणाले, "पोर्तुगीज!" त्यांच्याकडे पगार म्हणजे पैसे देणं, आपल्याकडे येऊन ते घेणं झालं, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की आकडा शेवटपर्यंत बाहेर आलाच नाही. ते स्थळ मोडलं. कारण वेगळंच होतं, असं नाना अजून सांगतात.

पण पगार, पाव, बटाटा हा सगळा किरकोळ माल. नानांची खरी पेठ पेरूची. फाटकाशी गाडी लावणारा फळवाला उत्तर प्रदेशातला. तो पेरूला अमरूद म्हणतो. एकदा नानांनी त्याला धरलंच. "अमरूद बोलता है ना तू? फारसी में अमरूद मतलब नाशपाती! तुर्की में आज भी आर्मुत मतलब नाशपाती!"

फळवाल्याने तराजू खाली ठेवला. "तो नाशपाती का भाव लगा दूँ, बाबूजी?"

नाना अशाने खचत नाहीत. उलट त्यांना चेव येतो. पोर्तुगीज 'पेरा' म्हणजे पुन्हा नासपतीच. त्यावरून कोकणीत पेर आणि बंगालीत पेयारा. फळ मूळचं अमेरिकेतलं, इकडे कुणी बापजन्मात पाहिलेलं नाही. मग ज्याने त्याने आकार बघितला आणि आपल्या ओळखीच्या फळाचं नाव चिकटवून दिलं. इंग्रज तेवढा 'ग्वावा' म्हणत कॅरिबियन बेटांवरच्या मूळ नावाजवळ राहिला, हे नाना जरा नाइलाजानेच कबूल करतात. "आणि पेरू देश?" असं विचारणाऱ्याकडे ते नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघतात.

काकूंना यातलं काही लागत नाही. पेरू चिरायचा, तिखटमीठ भुरभुरायचं, बशी पुढे सरकवायची. त्यांच्या लेखी पेरूच्या जाती दोनच, कच्चा आणि पिकलेला.

मागच्या हिवाळ्यात नाना मुलाकडे न्यू जर्सीला गेले. नोव्हेंबरातला चौथा गुरुवार जवळ आलेला, दुकानोदुकानी टर्की नावाचा तो अवाढव्य पक्षी. घर शुद्ध शाकाहारी, त्यामुळे पक्ष्याशी कुणाला घेणंदेणं नव्हतं. नानांना मात्र घबाड मिळालं. पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा. इंग्रजाने तो तुर्कस्तानच्या नावावर टाकला. तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानचा. फ्रेंचांचं म्हणणं तेच. डचांनी तर थेट कालिकतवरून त्याला 'काल्कून' केलं. मलय लोकांनी उलट डचांवरच ढकलून 'डच कोंबडी' म्हटलं. बिचाऱ्याला आपला म्हणायला कुणी तयार नाही! आणि पोर्तुगीज? इथे नाना थांबतात, चष्मा पुसतात. पोर्तुगीज त्याला म्हणतात 'पेरू'.

आता नेवार्कमधला आयर्नबाउंड हा भाग पोर्तुगीज वस्तीचा. मुलाच्या घरापासून लांब नाही. एवढी माहिती नानांच्या हाती लागायला नको होती.

तिथल्या एका दुकानात नाना काही घ्यायला शिरले नव्हते, शब्द तपासायला शिरले होते. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याला त्यांनी आयुष्यातला पहिला पोर्तुगीज प्रश्न टाकला, "पेरू?" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. तो भराभर बरंच काही बोलला, मग हातांनी लहान-मोठा असं विचारलं. पाचशे वर्षांपूर्वी गोव्याच्या धक्क्यावर असंच काहीतरी घडलं असणार, या विचाराने नानांचा ऊर भरून आला आणि त्यांनी दोन्ही हात सढळपणे फैलावले.

पैसे मुलाच्या कार्डावरून गेले. सूनबाईंनी फ्रीजर वापरू दिला नाही. पक्षी रात्रभर बाल्कनीत होता. सकाळी शेजारी घेऊन गेला, चकटफू.

त्या रात्री मात्र नाना कमालीच्या आनंदात होते. व्हिडिओ कॉलवर काकू निवडणं करत बसल्या होत्या. "अगं, पेरू मिळाला इथे!" नाना ओरडले. "केवढा थोरला!"

काकूंनी मान वर केली नाही. "कच्चा आहे की पिकलेला?"