माया किती ठेवू?

भाऊ-वहिनी जर्मनीत, त्यामुळे भाचीच्या नावासाठी अट एकच: तिथल्या लोकांची जीभ अडखळता कामा नये. 'ज्ञानदा', 'मृण्मयी' आणि 'ळ'वाली यच्चयावत नावं पहिल्याच फेरीत बाद झाली. उरली माया.

आईने नाक मुरडलं. "जग मिथ्या आहे, हे पोरीला पाळण्यातच सांगायचं का?" मी म्हटलं, अगं, गौतम बुद्धांच्या आईचं नाव मायादेवी होतं. "हो, आणि बाळंत झाल्यावर सातव्या दिवशी ती गेली," आई म्हणाली. आईचं वाचन अशा वेळी नडतं.

मग मी ग्रीस गाठलं. तिथली माया म्हणजे हर्मीस देवाची आई, सात बहिणींतली थोरली. या बहिणी आकाशात दिसतात, त्या आपल्या कृत्तिका. रोमन लोकांचीही एक माया देवी होती, मे महिन्याला तिचंच नाव मिळालं म्हणतात. "म्हणजे आंब्याच्या महिन्याची!" आईचा निम्मा विरोध तिथेच मावळला. हर्मीस चोरांचाही देव आहे, एवढं मी गाळलं.

मेक्सिको-ग्वाटेमालातल्या माया लोकांचा या नावाशी काडीचा संबंध नाही. तरी 2012ची जगबुडी काकांना आठवलीच. अमेरिकन कवयित्री माया अँजेलोचं मूळ नाव मार्गरीट. 'माझी बहीण' असं इंग्रजीत म्हणताना धाकटीचं 'माया' केलं ते तिच्या भावाने. आत्याचा हक्क भावाने बळकावल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

जर्मनीत मात्र नाव ऐकताच शेजारीण ओरडली, "मधमाशी!" वाल्डेमार बोन्झेल्स यांनी 1912 साली माया नावाच्या खोडकर मधमाशीची गोष्ट लिहिली. पुढे 1975मध्ये जपान्यांनी तिच्यावर कार्टून मालिका काढली. भाचीला पहिली भेट आली ती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं टोपडं, वर दोन लोंबत्या मिशा.

बारसं इथे, पुण्यात. झबली शिवायला टाकली, तर शिंपीकाका कापडावर खडू टेकवून विचारतात, "ताई, माया किती ठेवू?" शिवणीच्या आत दुमडलेलं जास्तीचं कापड, पोर अंगाने भरलं की उसवून सैल करता येतं. वेदान्ती, ग्रीक, रोमन सगळे एकीकडे. मला हाच अर्थ पटला. आईलाही.

तेव्हा बारशाला जरूर या. फक्त मधमाशीचं काही आणू नका, तसली टोपडी घरात ढीगभर झाली आहेत.